वाचकांचे प्रश्न : ज्वालामुखीचा स्फोट संगणकात कसा घडवतात?

नोव्हेंबर २०२५मध्ये इथिओपियातील हायली गुब्बी या ज्वालामुखीची राख भारताच्या आकाशात आली, तेव्हापासून या सदराकडे येणाऱ्या पत्रांत ज्वालामुखीविषयीचे प्रश्न वाढले आहेत. त्यांतली बरीच पत्रे नाशिक जिल्ह्यातली आहेत, आणि घराच्या पायापासून डोंगराच्या माथ्यापर्यंत ज्यांच्याभोवती काळा कातळच आहे त्यांना हा विषय जवळचा वाटावा यात नवल नाही. विषय एकच असल्यामुळे या वेळी काही निवडक पत्रे एकत्र घेतली आहेत.

प्रश्न (ओझर) : विमान कारखान्यातील नोकरीतून मी निवृत्त झालो आहे. इथिओपियाची राख दिल्लीच्या आकाशात केव्हा येणार, हे ती येण्याआधीच जाहीर झाले होते. चार हजार किलोमीटरवरून येणाऱ्या राखेचे गणित इतक्या लवकर कसे मांडतात? आणि एवढ्या अंतरावर विरळ झालेली राख विमानाला खरोखर घातक असते का?

उत्तर : आधी दुसरा भाग घेऊ, कारण तो आपल्या व्यवसायातला आहे. ज्वालामुखीची राख ही काहीतरी जळून उरलेली भुकटी नसते. ती काचेची आणि खनिजांची अतिशय बारीक कच असते. ही काच साधारण ११०० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळू लागते आणि जेट इंजिनाच्या ज्वलनकक्षातले तापमान त्याहून बरेच अधिक असते. त्यामुळे आत शिरलेली राख तिथे वितळते, पुढे टर्बाइनच्या तुलनेने थंड भागांवर गोठून बसते आणि हवेचा मार्ग अडवते. २४ जून १९८२ रोजी ब्रिटिश एअरवेजचे एक विमान जावा बेटावरील गालुंगुंगच्या राखेत शिरले तेव्हा त्याची चारही इंजिने बंद पडली. विमान खाली येत राखेच्या बाहेर पडल्यावर इंजिने पुन्हा सुरू झाली. पण समोरची काच राखेने घासून इतकी दुधी झाली होती की जकार्ताची धावपट्टी वैमानिकांना जेमतेम दिसत होती. डिसेंबर १९८९मध्ये अलास्कातील रिडाउटच्या राखेत केएलएमच्या विमानावर तसाच प्रसंग ओढवला. दिल्लीवरून गेलेली राख याच्या तुलनेत फारच विरळ होती. अशा राखेने इंजिन तत्काळ बंद पडत नाही, मात्र त्याची झीज होते. म्हणूनच ‘राख आहे की नाही’ एवढे कळून भागत नाही, ‘किती आहे’ हे सांगावे लागते, आणि खरी अडचण तिथेच सुरू होते.

राखेच्या मार्गाचे गणित त्या मानाने सोपे आहे. जगात ज्वालामुखीच्या राखेची सूचना देणारी नऊ केंद्रे आहेत. हायली गुब्बीच्या वेळी फ्रान्समधील टूलूजचे केंद्र सूचना देत होते. अशा केंद्रांतील संगणकावर उद्रेकाच्या जागेवरून, वेगवेगळ्या उंचीवरून, असंख्य काल्पनिक कण सोडले जातात. हवामानाच्या अंदाजातून त्या त्या उंचीवरचा वारा घेतला जातो; प्रत्येक कण त्या वाऱ्याबरोबर सरकतो, स्वतःच्या वजनाने थोडा खाली येतो आणि हवेतील खळबळ दाखवण्यासाठी त्याला यादृच्छिक धक्केही दिले जातात. नोव्हेंबरमध्ये अरबस्तानावरून उत्तर भारताकडे उंचावरचा जोरदार पश्चिमी वारा वाहत असतो. त्याने ही राख दीड दिवसाच्या आसपास दिल्लीपर्यंत आणली. एक शतांश मिलिमीटर व्यासाचा कण सेकंदाला एक सेंटिमीटरही खाली उतरत नाही. दहा किलोमीटर उतरायला त्याला दोन आठवडे लागतील. त्यामुळे ती राख दिल्लीकरांच्या गच्चीवर पडण्याचा प्रश्न जवळजवळ नव्हताच. तिथल्या जमिनीलगतच्या खराब हवेचे खापर काही वाहिन्यांनी या राखेवर फोडले, ते तिच्यावर अन्याय करणारे होते.

परंतु संगणकाला सुरुवातीलाच सांगावे लागते की विवरातून दर सेकंदाला किती राख बाहेर पडत आहे. हे मोजण्याचे साधन कोणाजवळ नसते. उपग्रहावरून किंवा रडारवरून राखेच्या स्तंभाची उंची कळते आणि तिच्यावरून उलटे गणित केले जाते. स्तंभाची उंची ही बाहेर पडणाऱ्या द्रव्याच्या दराच्या साधारण चौथ्या मुळाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे स्तंभ दुप्पट उंच व्हायचा असेल तर सोळापट द्रव्य लागते. हाच नियम उलट्या दिशेने वापरला की फार चिमटा बसतो. स्तंभ १४ किलोमीटर धरला तर रूढ सूत्राप्रमाणे सेकंदाला सुमारे आठ हजार टन द्रव्य येते. तोच १२ किलोमीटर धरला तर आकडा जवळजवळ निम्मा होतो. उंचीच्या मोजणीत एक-दोन किलोमीटरची चूक सहज होते, शिवाय जोराच्या वाऱ्याने स्तंभ वाकला तर तेवढ्याच उंचीमागे जास्त द्रव्य असते. वृत्तवाहिन्यांवर दिसणाऱ्या लालभडक नकाशांत राखेची कडा बरीचशी विश्वासार्ह असते. कडेच्या आतले प्रमाण मात्र या एका आकड्यावर उभे असते.

एप्रिल २०१०मध्ये आइसलँडच्या एयाफ्यातलायोकुलने युरोपला हेच शिकवले. त्या वेळी ‘राख दिसली की उड्डाण नाही’ असा सरसकट नियम होता. नियमाप्रमाणे जवळजवळ आठवडाभर आकाश बंद राहिले आणि सुमारे एक लाख उड्डाणे रद्द झाली. मग घनमीटरमागे दोन मिलिग्रॅमसारख्या मर्यादा आल्या. निर्णय शहाणपणाचा होता. पण ज्या गणिताला मुळातला आकडा धड माहीत नाही, त्याच्याकडे मिलिग्रॅमचा हिशेब मागितला गेला, हेही खरे.

प्रश्न (सिन्नर) : राख वाऱ्याने कुठे गेली हे समजू शकते. पण प्रत्यक्ष स्फोट संगणकात कसा घडवतात? जमिनीखाली काय चालले आहे ते कोणी पाहिलेले नसताना समीकरणे कशाची मांडतात?

उत्तर : समीकरणे आपल्या ओळखीचीच असतात : वस्तुमान नाहीसे होत नाही, संवेग नाहीसा होत नाही, ऊर्जा नाहीशी होत नाही. या तीन गोष्टी वायूसाठी आणि कणांसाठी मांडायच्या, ज्वालामुखीची नळी (शिलारस वर येण्याची वाट) आणि आकाश यांचे छोटे छोटे घन कप्पे पाडायचे आणि प्रत्येक कप्प्यातून शेजारच्या कप्प्यात काय गेले याचा हिशेब सेकंदाच्या लहान लहान तुकड्यांनी पुढे न्यायचा. सांगायला हे एवढेच आहे.

सुरुवात खोलवर होते. स्फोटक ज्वालामुखीच्या शिलारसात वजनाने चार-पाच टक्के पाणी विरघळलेले असते आणि ते केवळ वरच्या दाबामुळे आत राहते. शिलारस वर येऊ लागला की दाब घटतो आणि पाणी बुडबुड्यांच्या रूपाने सुटू लागते. चिक्कीसाठी गुळाचा पाक करताना तो पातळ असेपर्यंत बुडबुडे वर येऊन फुटतात, आणि घट्ट होत गेला की तेच बुडबुडे आत अडकून पाक फुगवतात, तसा फरक इथे पडतो. आपल्या सह्याद्रीचा बेसाल्ट पातळ पाकासारखा होता. सिलिका जास्त असलेला शिलारस त्याच्या लक्षावधी पट घट्ट असू शकतो. त्यातून पाणी निघून गेले की तो आणखी घट्ट होतो, म्हणजे बुडबुडे जितके वाढतात तितकी त्यांची सुटका अवघड होते. बुडबुड्यांचा वाटा साधारण ७०-८० टक्क्यांवर गेला किंवा ताण फार झपाट्याने वाढला की शिलारस द्रवासारखा वाहणे सोडतो आणि काचेसारखा तडकतो. त्या पातळीच्या खाली बुडबुड्यांनी भरलेला द्रव आणि वर कणांनी भरलेला वायू, अशी नळीची दोन भिन्न राज्ये होतात. हिशेब करून पाहण्यासारखा आहे : चार टक्के पाणी असलेल्या एक घनमीटर शिलारसातून, भूपृष्ठावरच्या दाबाला आणि ८५० अंशांच्या आसपास, सुमारे ५०० घनमीटर वाफ होते. विवरातून शंभर ते चारशे मीटर प्रतिसेकंद वेगाने मिश्रण बाहेर का फेकले जाते, हे एवढ्यावरून उमजावे.

बाहेर पडणारे हे मिश्रण हवेपेक्षा हलके असते असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात त्यात वजनाने ९५ टक्के दगड असतो आणि ते हवेच्या तीन-चारपट तरी जड असते. वेगाच्या जोरावर ते काही किलोमीटर वर जाते, आणि तेवढ्या वेळात भोवतालची थंड हवा आत ओढून तापवू शकले तरच हलके होऊन तीस-पस्तीस किलोमीटरपर्यंत चढते. हवा पुरेशी मिळाली नाही तर स्तंभ स्वतःच्या वजनाने कोसळतो आणि तप्त राखेचा लोट जमिनीलगत धावत सुटतो. ज्वालामुखींनी घेतलेल्या बळींत सर्वांत मोठा वाटा अशा लोटांचा आहे. व्हेसुव्हियसच्या उद्रेकात गाडल्या गेलेल्या पॉम्पेई या प्राचीन रोमन शहरावरचा अखेरचा घाव त्यांचाच होता. म्हणजे सगळा खेळ हवा किती ओढली जाते यावर आहे. मॉर्टन, टेलर आणि टर्नर यांनी १९५६मध्ये यासाठी एक साधे गृहीतक मांडले : हवा आत येण्याचा वेग हा स्तंभाच्या वर चढण्याच्या वेगाच्या ठरावीक अंशाइतका, साधारण एक दशांश, असतो. सत्तरच्या दशकात लायोनेल विल्सन यांनी असा विचार ज्वालामुखीला लावला आणि विवर रुंद होत गेले किंवा शिलारसातील पाणी कमी होत गेले तर स्तंभ केव्हा कोसळेल हे कागदावर काढता येऊ लागले. १९८०च्या दशकात अमेरिकेतील लॉस अलामॉस प्रयोगशाळेच्या महासंगणकांवर व्हॅलेंटाइन आणि वोलेट्झ यांनी स्तंभ कोसळताना द्विमितीत दाखवला. पुढे इटलीतील पिसा आणि जपानमधील टोकियो येथील गटांनी त्रिमितीत हे काम नेले, आणि आता हवेचा तो एक दशांश अंश गृहीत धरावा लागत नाही, भोवरे स्वतःच हवा ओढताना दिसतात.

दिसतात म्हणजे मोठे भोवरे दिसतात. स्तंभात किलोमीटरभराचा भोवरा असतो तसा मिलिमीटरचाही असतो, आणि कप्पे दहा-वीस मीटरचे असले की त्याहून लहान भोवऱ्यांचा परिणाम अंदाजानेच धरावा लागतो. कप्पा निम्मा करावा म्हटले तर तिन्ही दिशांनी मिळून आठपट कप्पे होतात, काळाचे तुकडेही निम्मे करावे लागतात, आणि काम सोळापट वाढते. हा सोळाचा आकडा या विषयात दोन ठिकाणी आडवा येतो, त्याला इलाज नाही.

आपल्या ‘कोणी पाहिलेले नसताना’ या शंकेचे उत्तर प्रयोगशाळेत आहे. म्युनिकमध्ये खऱ्या ज्वालामुखी खडकाचे नमुने तापवून, दाबाखाली ठेवून, दाब अचानक काढून फोडले जातात आणि कोणता दगड किती दाबाला तडकतो हे मोजले जाते. न्यूझीलंडच्या मॅसी विद्यापीठात तापवलेली खरी ज्वालामुखी राख उतरणीवरून सोडतात. तिथल्या प्रयोगांतून २०१९मध्ये दिसले की लोटाच्या तळाशी दाबाखालील हवेचा पातळ थर तयार होतो आणि घर्षण फार कमी होते. जुनी प्रतिरूपे, म्हणजे संगणकावरची अशी गणिती मॉडेले, या लोटांची धाव कमी का सांगत असत, याचे एक कारण तिथे सापडले.

प्रश्न (त्र्यंबकेश्वर) : ब्रह्मगिरी किंवा अंजनेरी ही ज्वालामुखीची जुनी तोंडे आहेत का? आपल्याकडचा उद्रेक संगणकात घडवता येईल का?

उत्तर : नाहीत. हे डोंगर एकावर एक पसरलेल्या लाव्हाच्या थरांची, पाण्याने कोरून काढल्यावर उरलेली, शिल्लक आहे. माथे सपाट आणि कडे पायऱ्यांचे का, याचे उत्तर त्याच थरांत आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी हा लाव्हा मुख्यतः लांबच लांब भेगांतून वाहिला. मोठमोठ्या स्फोटांची ही गोष्ट नव्हे, म्हणून त्याच्या प्रतिरूपांत राखेच्या स्तंभापेक्षा लाव्हाचे वाहणे, थिजणे आणि हवेत गेलेले वायू यांना महत्त्व असते.

स्फोटक उद्रेकाचा पुरावा पाहायचाच असेल तर त्यासाठी फार लांब जावे लागत नाही. जुन्नर तालुक्यात कुकडी नदीकाठी बोरी येथे नदीच्या गाळात पांढुरक्या राखेचा थर आहे. चिमूट बोटांत चोळली तर पिठासारखी वाटता वाटता कचकचते, आणि सूक्ष्मदर्शकाखाली काचेचे वक्र, काही ठिकाणी तीन फाटे असलेले तुकडे दिसतात. त्या फुटलेल्या बुडबुड्यांच्या भिंती आहेत. ही राख सुमात्रातील टोबाची, म्हणजे तीन हजार किलोमीटरहून अधिक अंतरावरून आलेली आहे. बोरीच्या थराच्या वयाबद्दल बराच वाद झाला. टोबाचा सर्वांत मोठा उद्रेक मात्र सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीचा, हे पक्के आहे. त्या उद्रेकाची राख भारतात आणि हिंदी महासागराच्या तळाशी किती जाडीची आहे हे घेऊन, ‘फॉल-थ्री-डी’ नावाचे प्रतिरूप पुन्हा पुन्हा चालवून, २०१४मध्ये संशोधकांनी त्याचे आकारमान काढले. उत्तर हजारो घनकिलोमीटरांत येते. यात एक मेख आहे, आणि ती नदीकाठी राहणाऱ्याला चटकन कळेल : पावसाळ्यात पाण्याने वाहून आणून एका जागी साचवलेली राख मूळ पडलेल्या राखेच्या कितीतरी पट जाड दिसते. ती जाडी तशीच संगणकात भरली तर टोबा आहे त्याहून राक्षसी ठरेल. थर पाहून कोणता आकडा घ्यायचा आणि कोणता सोडायचा हे ठरवणारा भूशास्त्रज्ञ चुकला, तर संगणक त्याला वाचवत नाही.

प्रश्न (पंचवटी) : एवढे सगळे गणित असूनही उद्रेक केव्हा होणार हे सांगता येत नसेल तर त्याचा उपयोग काय? आणि संगणकाने दाखवले ते खरे, हे कशावरून?

उत्तर : ‘केव्हा’ हा प्रश्न या प्रतिरूपांचा नाहीच. १९९१मध्ये फिलिपिन्समधील पिनाटुबोच्या भोवतालची हजारो माणसे १५ जूनच्या महाउद्रेकाआधी हलवली गेली, ती भूकंपमापकांच्या नोंदी, बाहेर पडणाऱ्या सल्फर डायऑक्साइडचे मोजमाप आणि जुन्या लोटांच्या थरांवरून केलेले धोक्याचे नकाशे यांच्या जोरावर. प्रतिरूप सांगते ते ‘असे झाले तर काय’ हे. इटलीतील व्हेसुव्हियसच्या भोवती सुमारे सात लाख माणसे धोक्याच्या पट्ट्यात राहतात; कोणत्या ताकदीच्या उद्रेकात लोट कुठवर आणि किती मिनिटांत पोहोचेल, कोणत्या वाऱ्यात कोणत्या गावांच्या छपरांवर किती भार पडेल, हे आधी काढून ठेवल्याशिवाय बसगाड्यांचे नियोजनही करता येत नाही. विवरातून काय बाहेर पडेल ते आधी ठाऊक नसल्यामुळे एकच उत्तर देण्याऐवजी वेगवेगळे आकडे घालून प्रतिरूप शेकडो वेळा चालवतात आणि शक्यता सांगतात. प्रशासनाला ठाम उत्तर आवडते, हे खरे. पण ठाम उत्तर देणाऱ्या प्रतिरूपावर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

खरेपणा तपासण्यासाठी घडून गेलेले उद्रेक वापरतात. १८ मे १९८० रोजी अमेरिकेतील माउंट सेंट हेलेन्सचा उत्तर उतार घसरला आणि आत कोंडलेला शिलारस आडवा फुटला. ५७ माणसे मरण पावली आणि सुमारे ६०० चौरस किलोमीटरवरचे जंगल आडवे झाले. पडलेल्या प्रत्येक झाडाची दिशा म्हणजे त्या जागी लोट कोणीकडून आला याची नोंदच. पिसाच्या गटाने तो स्फोट त्रिमितीत घडवला तेव्हा नासधुशीची व्याप्ती आणि डोंगररांगांनी लोटाला वळवलेल्या जागा बऱ्याच अंशी जुळल्या. याला मी खरी परीक्षा म्हणेन, आणि तरीही तिला एक मर्यादा आहे : उत्तर आधी माहीत असताना सुरुवातीचे आकडे त्याच्याकडे झुकवण्याचा मोह कोणालाही होतो.

त्या दृष्टीने पिनाटुबोचे दुसरे उदाहरण अधिक मोलाचे वाटते. त्या उद्रेकाने सुमारे दीड ते दोन कोटी टन सल्फर डायऑक्साइड वातावरणाच्या वरच्या थरात फेकला. हवामानशास्त्रज्ञ जेम्स हॅन्सन आणि सहकाऱ्यांनी हवामानाच्या प्रतिरूपातून पृथ्वीचे सरासरी तापमान सुमारे अर्ध्या अंशाने उतरेल असे जानेवारी १९९२मध्ये, म्हणजे ते उतरण्याच्या आधी, छापून टाकले. आणि ते जवळजवळ तेवढेच उतरले. याच्या उलट १५ जानेवारी २०२२ रोजी टोंगाजवळ समुद्रातल्या ज्वालामुखीचा स्तंभ ५७ किलोमीटरपर्यंत गेला आणि त्याने पाण्याची प्रचंड वाफ वर नेली. जमिनीवरच्या उद्रेकांवरून बसवलेल्या उंचीच्या सूत्राला तिथे फारसा अर्थ उरला नाही.

प्रश्न (कॉलेज रोड, नाशिक) : मी भौतिकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. घरच्या लॅपटॉपवर यातले काही करून पाहता येईल का?

उत्तर : अवश्य. त्रिमितीय स्फोट जमणार नाही, पण राखेच्या स्तंभाचे एकमितीय प्रतिरूप म्हणजे वस्तुमान, संवेग आणि ऊर्जा यांची मोजकी अवकल समीकरणे. पायथनमध्ये ती काही सेकंदांत सुटतात. राखेच्या प्रवासासाठी अमेरिकेच्या नोआ या हवामान व सागर संस्थेचे ‘हायस्प्लिट’ हे प्रतिरूप इंटरनेटवर विनामूल्य वापरता येते, त्यात खऱ्या तारखेचा खरा वारा मिळतो. हायली गुब्बीची तारीख, २३ नोव्हेंबर २०२५, घालून पाहावी. स्तंभाच्या समीकरणांत सुरुवातीला विवराची त्रिज्या ५० मीटर, वेग २५० मीटर प्रतिसेकंद, तापमान ८५० अंश, वायूचा वाटा चार टक्के आणि हवा ओढण्याचा अंश ०.१ धरावा. मग बाकी सगळे तसेच ठेवून त्रिज्या वाढवत न्यावी. एका त्रिज्येपुढे मिश्रण हवेपेक्षा हलके होण्याआधीच वेगाचा आलेख शून्यावर येईल. तोच कोसळणारा स्तंभ. ती त्रिज्या किती आली आणि वायूचा वाटा पाच टक्के केल्यावर ती किती सरकली, हे आलेखासह आम्हाला कळवावे.